युवर मॅनची नजर

डब्लिनच्या विमानतळावर काचेमागच्या साहेबानं विचारलं, तुम्ही काम काय करता? हे उत्तर मी पेणपासून पाठ करत आले होते. मंजिरीनं, माझ्या बहिणीच्या मुलीनं, फोनवर ते दहादा म्हणवून घेतलं होतं. तरी ऐन वेळी तोंडातून एवढंच निघालं, "आय पेंटर."

"यू आर अ पेंटर?"

"नो नो. आय!" मी स्वतःच्या डोळ्याला बोट लावलं. "गॉड. गॉड्स आय."

साहेब माझ्याकडे बघत राहिला. आता ही बाई वेडी आहे म्हणून परत पाठवणार, आणि मंजिरीच्या नोकरीवर पण काहीतरी बालंट येणार, इथवर माझं मन जाऊन आलं. तर तो हसला, शिक्का मारला आणि म्हणाला, "ग्रँड."

ग्रँड म्हणजे तिकडे ठीक, झकास. पुढच्या दोन महिन्यांत हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की परत आल्यावर रिक्षावाल्यालाही म्हणून बसले.

खोटं नव्हतं काही. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा मी दागिने रंगवायला बसले, आणि सातआठ वर्षांनी तात्यांनी, म्हणजे आमच्या कारखानदारांनी, माझ्या हातात बारीक ब्रश दिला. तेव्हापासून डोळेच. मंजिरी डॉक्टर होऊन आयर्लंडला गेली, ट्रलीच्या मोठ्या इस्पितळात लागली, आणि दोन वर्षं मागे लागली होती, मावशी, एकदा ये. मी म्हणायची, मला तिथं कोण विचारतंय? तिनं तिकीटच पाठवलं. तिचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही, आणि हे वाचून ती चिडणार हेही मला माहीत आहे.

ट्रलीच्या बाहेर, एक गाव

मंजिरी आणि तिचा नवरा सुमेध ट्रलीपासून अर्ध्या तासावरच्या गावात राहतात. गाव म्हणजे एक रस्ता, एक दुकान, एक देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आणि बाकी सगळं हिरवं. आपल्याकडे श्रावणात असतं त्याहून थंड हिरवं, त्यात निळा जास्त मिसळलेला. रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच कुंपणं आणि त्यांना जास्वंदीच्या कळीएवढी लाल-जांभळी फुलं लोंबत असतात, झुमक्यांसारखी. मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या-लाल रंगाचे फराटे होते. मला वाटलं, कुणी ब्रश पुसलेत की काय! सुमेध म्हणाला, "मावशी, ती मालकाची खूण असते." सूर्य रात्री दहाला मावळायचा. पहिले चार दिवस मी उजेड आहे म्हणून स्वयंपाक करतच राहिले.

मंजिरी सकाळी जायची, सुमेध वरच्या खोलीत कॉम्प्युटरवर मिटिंगा करायचा. मी खाली एकटी. गॅस बंद आहे ना, दार लागलंय ना, हे बघत बसायची. शेवटी शेजारच्या ब्रीडाबाईंनीच दार वाजवलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, उंच, केस कापसासारखे. हातात ताट आणि त्यावर गरम पाव, वरून लोणी. तो पाव खमिराचा नसतो, सोडा घालून करतात, आणि जाड साल कुरकुरते. मी ताट रिकामं कसं परत करणार? पेणचे पोह्याचे पापड भाजून ठेवले. तिनं एक मोडला, खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि डोळे मिटून म्हणाली, "ओह, दॅट्स लव्हली." तिथून आमचं जमलं.

तिचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, माझं तिला पाव. त्यामुळे तिचं बोलणं मी इथं बहुतेक मराठीतच लिहिते आहे. सुमेध नाहीतर मंजिरी सांगायची ते धरून, आणि उरलेलं तिच्या चेहऱ्यावरून.

एकदा तिच्या घरी टॉवेलांच्या घड्या घालत होते. ती बागेतून ओरडली, "पुट देम इन द हॉट प्रेस, लव्ह!" हॉट कळलं, प्रेस कळलं. मी इस्त्री शोधून काढली, तापवली आणि सगळे टॉवेल इस्त्री करून ठेवले. ती आत आली तेव्हा नववा चालला होता. तिला कळेना की या बाईला टॉवेलांना इस्त्री करायचं काय वेड. संध्याकाळी मंजिरी पोट धरून हसली. "मावशी, प्रेस म्हणजे कपाट! हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. त्यात कपडे सुकतात." मी दोन दिवस ब्रीडासमोर जायला लाजले. तिसऱ्या दिवशी तीच आली. म्हणाली, इस्त्रीच्या टॉवेलानं तोंड पुसलं आणि राणी झाल्यासारखं वाटलं. मग म्हणाली, शुक्रवारी देवळात पितळ घासायला जाते, येशील?

शुक्रवार, देवळात

जावं की न जावं, हिंदू बाई आत गेलेली चालते का, याची मी दोन दिवस काळजी केली. सुमेध म्हणाला, "मावशी, पितळ घासायला आलेल्या माणसाला कुठलाच देव नाही म्हणत नाही." तोच आम्हाला गाडीनं घेऊन गेला आणि लॅपटॉप उघडून मागच्या बाकावर बसला.

दारात मी बूट काढले. ब्रीडा लगबगीनं जवळ आली. "पायाला फोड आलाय का? पट्टी देऊ?" मी नको नको म्हणत मोजे घालून आत गेले. फरशी बर्फासारखी होती.

आणि डाव्या भिंतीवर ते चित्र होतं.

माणसाएवढं. मागे खाडीच्या रात्रीसारखा निळा. मधे सेंट मायकल, त्यांचा देवदूत, अनवाणी, किडकिडीत, पंख उघडे, प्रत्येक पिसावर बारीक सोनं. हातात भाला, पण कमळाचा देठ धरावा तसा दोन बोटांत धरलेला. पायाशी अजगर म्हणा, सर्प म्हणा, पंखवाला ड्रॅगन. अंगावर शिंपल्याची चमक, मान त्याच्या पावलावर जवळजवळ टेकलेली. रक्ताचा थेंब कुठे नाही. लढाई चालली आहे की समजूत घालणं, तेच कळेना. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सुमेधनं दारातला कागद वाचला. "सिम्बॉलिस्ट पद्धतीचं चित्र आहे. म्हणजे, मावशी, दिसतं तसं नाही काढायचं. आत जे वाटतं, ते खुणांनी दाखवायचं."

"मग आम्ही वेगळं काय करतो?" मी म्हटलं. "माणसाला हत्तीचं डोकं कुणी पाहिलंय?"

ब्रीडा माझ्या शेजारी उभी होती. चित्राकडे बोट करून उसासा टाकून म्हणाली, "युवर मॅन हॅज अ स्क्विंट."

शेवटचा शब्द कळला नाही, पण युवर मॅन कळलं. मला एकदम भरून आलं. हिला कुणी सांगितलं? मी म्हटलं, "माय मॅन नो. सिक्स इयर. गॉन." आणि वर बोट केलं.

ब्रीडाचा चेहरा पडला. मागून सुमेधचा आवाज आला, "मावशी! इथं युवर मॅन म्हणजे तुमचा माणूस नाही हो. म्हणजे तो, अमका. कुणीही." त्यानं तिलाही सांगितलं. ती आधी ओशाळली, मग माझा हात धरला आणि नऊ बोटं दाखवली. तिच्या माणसाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. मग आम्ही दोघी त्या देवदूतासमोर हसत सुटलो, डोळे पुसत.

स्क्विंट म्हणजे तिरळेपणा. आणि खरंच, मायकल तिरळा दिसत होता. डावा डोळा ड्रॅगनकडे, उजवा भलतीकडे, पांढुरका.

मग ब्रीडानं सगळं सांगितलं. चित्र काढलं होतं तिच्या आजीच्या बहिणीनं, नोरानं. तरुणपणी परदेशी जाऊन चित्रकला शिकून आलेली गावातली पहिली बाई. चित्र आधी वर, वेदीच्या मागच्या भिंतीवर होतं. ब्रीडा सहा वर्षांची असताना देवळात फेरफार झाले आणि ते इथं खाली आणून लावलं. नोरा त्याच्या आदल्या वर्षी वारली होती. तेव्हापासून गाव त्याला स्क्विंटी माइक म्हणतं. लोक म्हणतात, म्हातारीची नजर गेली होती, डोळे चुकले. "शाळेत मीही हसायचे," ब्रीडा म्हणाली. "ती माझी कोण लागते ते कुणाला कळू दिलं नाही."

आता भिंती रंगवायच्या होत्या. मंगळवारी रंगारी येणार. चित्र उतरवल्यावर परत लावायचं, की हॉलच्या मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांजवळ ठेवून द्यायचं, हे रविवारी कमिटी ठरवणार होती. पाचांपैकी चौघे खोलीच्या बाजूचे. पाचवी ब्रीडा.

डोळे चुकले म्हटल्यावर मला उभं राहवेना. आमच्याकडे आखणी बसून करतात आणि तपासतातही बसूनच, कारण गणपतीपुढे माणूस बसतो. उभ्यानं तपासलेली नजर बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाते. हाताला सवय, पायाला सवय. मी चित्रासमोर फरशीवर मांडी घातली.

"ओह गॉड, शी इज फेंटिंग!" ब्रीडा ओरडली. सुमेध लॅपटॉप टाकून धावला.

"काही नाही झालं मला," मी म्हटलं. "गप्प बसा जरा दोघं."

मायकल तिरळा नव्हता.

दोन्ही डोळे सारखे, काळेभोर, शांत, सरळ माझ्याकडे. मी अर्धवट उठले, उजवा डोळा पांढरा झाला. बसले, परत काळा. असं तीनदा केलं. मग उमगलं. नोरानं बुबुळाखाली सोनं लावलं होतं, सोन्याचा वर्ख, वर पातळ रंग. समोरच्या भिंतीत खिडकी. उभ्या माणसाच्या डोळ्यात त्या खिडकीचा उजेड सोन्यावरून परत येतो आणि बुबुळ खाऊन टाकतो. खाली बसलं की तो उजेड चुकतो. आमच्याकडे मुकुटाच्या सोनेरीची झाक डोळ्यावर आली तर मूर्ती अशीच तिरळी दिसते. त्यावरून मी कारखान्यात कितीदा बोलणी खाल्ली आहेत!

रविवार, पाच जणांचे गुडघे

सांगावं की नाही? शनिवारभर माझा जीव खालीवर. मी सातवी शिकलेली, पाहुणी. डॉक्टरीणबाईची मावशी देवळाच्या कारभारात नाक खुपसते असं झालं तर? मंजिरीला सुट्टी होती. ती म्हणाली, "मावशी, डोळ्यांतलं तुला कळतं की त्यांना?"

"मला."

"मग तू बोल. मी फक्त भाषांतर करणार."

प्रार्थना संपल्यावर कमिटी चित्राखाली जमली. अध्यक्ष टॉम, दुधाचा धंदा असलेला, दारातून वाकून येणारा धिप्पाड माणूस. मी सांगितलं, मंजिरीनं इंग्रजी केलं. टॉम नम्रपणे ऐकून म्हणाला, "म्हणजे आम्ही सगळ्यांनी जमिनीवर बसायचं?"

"सिट," मी म्हटलं. दुसरा शब्द सुचला नाही.

"बाई, मी खाली बसलो तर मला उठवायला ट्रॅक्टर लागेल."

सगळे हसले. तेवढ्यात ब्रीडा सगळ्यांच्या पुढे झाली, बाकाचा कठडा धरून सावकाश गुडघे टेकले आणि वर बघितलं. बघतच राहिली. मग मागे न वळता म्हणाली, "टॉम, गुडघे टेकायलाच तर येतोस ना इथं दर रविवारी?"

टॉमनं गुडघे टेकले. मग उरलेले तिघं. पाच म्हातारी माणसं ओळीनं, मान वर करून. एक बाई हळूच म्हणाली, "जीझस." ती शिवी होती की प्रार्थना, मंजिरीलाही सांगता आलं नाही.

पण टॉम उठला तो डोकं खाजवत. माणसं चालत येतात, उभी राहून बघतात, प्रत्येकाला वाकायला कसं सांगणार? मला माहीत होतं तो हे विचारणार. मी वेदीच्या मागच्या भिंतीवर, खूप वर, बोट दाखवलं. रंगाच्या थरांखाली दोन टेंगळं होती. जुने लोखंडी आकडे. चित्राची जागा ती. तिथं लावलं की प्रत्येकजण आपोआप खालूनच बघणार.

"ठीक आहे," टॉम म्हणाला. "उद्या संध्याकाळी एकदा लावून बघू. जमलं तर राहील. नाही जमलं तर खोलीत. मंगळवारी रंगारी ते आकडे उपटणार आहेत."

सोमवार

दिवसभर पाऊस पडून गेला आणि संध्याकाळी ऊन आलं. टॉम, त्याचा भाऊ आणि सुमेध, तिघांनी शिड्या लावून चित्र वर चढवलं. ब्रीडानं घरून सफरचंदाचा पाय, म्हणजे सारण भरून भाजलेली त्यांची गोड पोळी, आणि चहाचा थर्मास आणला होता, पण कुणी हात लावला नव्हता. बातमी पसरून वीसपंचवीस माणसं जमली होती. मंजिरीही इस्पितळातून थेट आली होती.

चित्र आकड्यांवर बसलं. टॉम खाली उतरून मागे आला. आम्ही सगळे बाकांवरून वर बघायला लागलो.

मायकलचे दोन्ही डोळे पांढरे फटक. ड्रॅगनचेही.

कुणीतरी खुदकन हसलं. "आता तर आंधळाच झाला," कुणीतरी म्हणालं. दाराच्या वर, मागच्या भिंतीत गोल खिडकी होती आणि उन्हाचा सगळा उजेड तिथून येत होता. ती मी बघितलीच नव्हती. मी ब्रीडाकडे पाहिलं. ती पायचं ताट फडक्यानं झाकत होती. लहान पोरीसारखी, मान खाली घालून. मला वाटलं, माझ्यामुळे. होतं तेवढंही मी घालवलं.

"सॉरी, ब्रीडा," मी म्हटलं. तिनं माझा हात थोपटला.

टॉम परत शिडी चढला. आणि त्यानं चित्राची वरची कड उचलली तेव्हा ती भिंतीपासून सुटून वीतभर पुढे झुकली. क्षणभरच. त्या क्षणात डावा डोळा काळा झाला.

"स्टॉप!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की टॉमनं शिडी घट्ट धरली.

माझ्या माहेरी देवांच्या तसबिरी आढ्याजवळ लावलेल्या होत्या. सपाट कधीच नाही. खालची कड दोन खिळ्यांवर, वरून लांब दोरी, आणि तसबीर पुढे ओणवी. देव खाली वाकून बघतोय अशी. आई म्हणायची, नाहीतर काचेत खिडकी दिसते, देव दिसत नाही. चाळीस वर्षांत मला ते आठवलं नव्हतं.

"मंजू, त्याला सांग, मागे बघ. चौकटीच्या मध्यावर कड्या असतील. वरच्या नव्हे, त्यांच्या खालच्या."

टॉमनं पाठीमागे हात घातला. "आहेत," तो वरून म्हणाला. "गंजलेल्या. आम्हाला वाटायचं उगाचच आहेत. हलवून बघतो... घट्ट आहेत."

"त्यांना दोरी बांध. लांब. दोरी आकड्यांना, आणि खालची कड भिंतीला टेकू दे."

टॉमच्या भावानं गाडीतून गाईला बांधायचा जाड दोर आणला. अर्धा तास गेला. चहा गार झाला. मग टॉमनं हात सोडला आणि चित्र सावकाश पुढे झुकलं, कुणाचं तरी ऐकायला वाकल्यासारखं.

डोळे उघडले. आखणी संपते तेव्हा होतं तसं, एकदम. पांढरं काही उरलं नाही. मायकल खाली बघत होता. प्रत्येक बाकावर, पहिल्या नि शेवटच्याही. वीसपंचवीस माणसं, आणि कुणी हसलं नाही.

ब्रीडा उठली. वेदीवरच्या दोन मेणबत्त्या तिनं पेटवल्या. का, ते तिलाही सांगता येणार नाही. मी मात्र श्वास धरला, कारण ओणव्या तसबिरीत खालचा दिवा दिसतो. ज्योत स्थिर झाली आणि मायकलच्या काळ्या बुबुळात सोन्याचा ठिपका उमटला. एक या डोळ्यात, एक त्या. आणि त्याच वेळी खाली, त्याच्या पावलाशी मान टेकलेल्या ड्रॅगनच्या डोळ्यातही. तेच सोनं, तेवढंच.

नोरानं हे मेणबत्तीसाठी केलं होतं. दोघांनाही एकच उजेड दिला होता.

"आँट नोरा," ब्रीडा मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या आजीची बहीण. तिनं काढलंय हे."

टॉम शिडीवरून उतरला, हात पुसले आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं मला. शेवटी निघालं ते असं, "युवर मॅन इज ग्रँड नाऊ."

देऊळ हसण्यानं दणाणलं. पायचा शेवटचा तुकडा टॉमनं मला दिला. चहा गारच प्यायलो.

पेण

परत येऊन तीन महिने झाले. नवरात्राच्या मूर्ती चालू होत्या. देवीच्या पायाशी महिषासुर असतो. इतकी वर्षं त्याचे डोळे मी लाल करून सोडून द्यायची, दोन मिनिटांचं काम. यंदा लालाखाली सोनेरीचा बारीक ठिपका दिला, देवीच्या डोळ्यात दिला तेवढाच.

तात्या तरातरा आले. "अगो, राक्षसाच्या डोळ्यात सोनेरी? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"समई लावा," मी म्हटलं. "आणि खाली बसून बघा."

कुरकुरत त्यांनी समई लावली, पाट ओढला आणि बसले. मी पुढची मूर्ती घेतली. ती संपेपर्यंत तात्या पाटावरून उठले नव्हते.